मुर्डी ते सोल : परदेशी शिक्षणाची आपल्याकडची जुनी वाट

मंडळी, यंदा निकाल लागल्यापासून आंजर्ले, केळशी, हर्णै भागातले तीन-चार पालक मला एकच विचारतायत. "भाऊ, पोरगी कोरियाला जायचं म्हणते. एजंट पैसे मागतोय. पाठवू का?" पोरींनी कोरियन मालिका बघून हे खूळ घेतलंय, असं नाक्यावर बोललं जातं. मला ते पटत नाही. म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

आपल्या शेजारचं मुर्डी. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म इथला, 1876 चा. पोरगा हुशार होता, पण गावात पुढचं शिक्षण कुठलं? त्यांचे नात्यातले भाऊ, मुरूडचे धोंडो केशव कर्वे, यांनी त्यांना मुंबईला आपल्याकडे शिकायला ठेवून घेतलं. कर्व्यांनी स्वतः काय भोगलं होतं ते माहीत असेलच. परीक्षेसाठी मुरूडहून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून साहेबाने बसूच दिलं नाही. ज्याला वाट अडली, त्यानेच दुसऱ्याची वाट मोकळी केली.

परांजपे 1896 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. 1899 मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून. हा मान मिळवणारा पहिला भारतीय आपल्या मुर्डीचा. सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळाली, तिथेच राहता आलं असतं. पण ते परत आले, 1902 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि वीसेक वर्षं तिथे राहिले.

मंडणगडातल्या आंबडव्याचं मूळ असलेले बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. नोकरीला गेले, तर बडोद्यात जातीपायी राहायला जागा मिळेना. परदेशातली पदवी घरच्या भिंती आपोआप पाडत नाही, हेही त्या इतिहासात आहे.

आणि पूर्वेकडे बघणंही आपल्याला नवीन नाही. कर्व्यांच्या हातात जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, त्यातून 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं. आजचं एसएनडीटी ते हेच.

आता कोरियाचं बघा. 1910 ते 1945 जपानची सत्ता, मग 1950 ते 1953 युद्ध. देश राख झाला होता. त्यांची हुशार पोरं शिकायला अमेरिकेला जायची आणि तिकडेच राहायची. तिथल्या सरकारने 1966 मध्ये संशोधन संस्था काढली, बाहेर गेलेल्या शास्त्रज्ञांना चांगला पगार आणि घर देऊन परत बोलावलं. 1971 मध्ये आजच्या काइस्टची सुरुवात झाली. आज काइस्ट आणि सोल नॅशनल विद्यापीठ जगातल्या पहिल्या शंभरात धरली जातात. एका पिढीत पोरं पाठवणारा देश पोरं बोलावणारा झाला.

बोलावतात त्यात त्यांचाही स्वार्थ आहे. तिथला जन्मदर 2023 मध्ये 0.72 वर आला, वर्ग रिकामे पडतायत. 2027 पर्यंत तीन लाख परदेशी विद्यार्थी आणायचं त्यांनी जाहीर केलंय. म्हणजे प्रवेश मिळाला म्हणजे गड जिंकला, असं नाही. सगळीच कॉलेजं काइस्ट नाहीत.

पालकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कोरियन सरकारची ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप आहे. त्यात फी, विमानाचं तिकीट, दरमहा खर्च आणि पहिलं वर्ष भाषेचं शिक्षण मिळतं. अर्ज दूतावासामार्फत किंवा थेट विद्यापीठात करायचा, त्याला एजंट लागत नाही. जागा मोजक्या आहेत, गुण चांगले लागतात. दोन, टोपिक ही भाषेची परीक्षा. तिच्या सहा पातळ्या आहेत. निदान तिसरी गाठल्याशिवाय कोरियनमधलं व्याख्यान डोक्यावरून जाणार. तीन, विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही. "तिकडे कमवेल आणि फेडेल" या भरवशावर बाग गहाण टाकू नका.

आणि परतल्यावर? माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद कारखाना आहे, रांजणगावला एलजीचा. कोरियन येणारा मराठी इंजिनियर तिथे उपयोगाचा नाही का? 2020 च्या शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत शिक्षक आला, हे जिल्हा परिषदेला विचारायला हवं. मी विचारणार आहे.

शेवटचं. रँग्लर परांजपे घडले त्यात त्यांची बुद्धी होती, सरकारी शिष्यवृत्ती होती आणि मुंबईत दार उघडं ठेवणारा एक भाऊ होता. कर्व्यांनी तर गावच्या नोकरदारांकडून कमाईतला छोटा वाटा घेऊन मुरूड फंड उभा केला होता. आंजर्ल्याचे चाकरमानी मुंबई-पुण्यात कमी आहेत का? गणपतीला सगळे येताच. यंदा आरती झाल्यावर अर्धा तास बसू. भाषेच्या क्लासचा आणि परीक्षेचा खर्च उचलेल एवढा फंड काढू. पोरगी कोरियाला जाईल की जर्मनीला, ते तिचं तिला ठरवू द्या. एजंटाच्या दारात एकटा बाप उभा राहू नये, एवढं गाव करू शकतं.

ज्यांना पटतंय त्यांनी खाली नाव लिहा.