‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ : आरंभीचे आणि अलीकडचे भाग

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ ही संगणकावरील कल्पनारम्य युद्धनीतीच्या खेळांची मालिका १९९५ साली सुरू झाली. त्यानंतरच्या २० वर्षांत तिचे सात मुख्य भाग प्रकाशित झाले. त्यांपैकी १९९९ सालचा तिसरा भाग आजही आवडीने खेळला जातो. तंत्रदृष्ट्या अधिक प्रगत असलेल्या नंतरच्या भागांना मात्र तसे दीर्घायुष्य लाभले नाही. या फरकाचे मूळ चित्रांपेक्षा नियमांत अधिक आढळते.

उगम आणि स्वरूप

अमेरिकेतील न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या कंपनीचे जॉन व्हॅन कॅनेगम यांनी १९९० मध्ये ‘किंग्ज बाउंटी’ हा खेळ सादर केला होता. त्याच कल्पनेचा विस्तार म्हणजे ही मालिका होय. खेळ पाळीपाळीने चालतो. एक पाळी म्हणजे एक दिवस आणि सात दिवसांचा एक आठवडा. खेळाडू आपले सेनानायक नकाशावर पाठवतो, खाणी काबीज करतो, नगरात इमारती उभारतो आणि सैन्य भरती करतो. बहुतेक भागांत नगरांतील भरतीसाठी नवे सैनिक आठवड्याच्या पहिल्या दिवशी उपलब्ध होतात. पहिल्या भागात चार प्रकारची नगरे होती. १९९६ च्या दुसऱ्या भागात ती सहा आणि तिसऱ्या भागात आठ झाली.

टंचाईचे महत्त्व

सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने ही सात साधने आरंभीच्या भागांचा कणा होती. प्रत्येक नगराची गरज निराळी असल्याने एखादी गंधकाची खाण सबंध डावाचे पारडे फिरवू शकत असे. शत्रूचा एकटा सेनानायकही मागच्या बाजूने शिरून ती खाण हिरावून घेई. त्यामुळे किती सैन्य आघाडीवर न्यायचे आणि किती घरी ठेवायचे, हा निर्णय रोजचाच होता. एका सेनानायकाकडून दुसऱ्याकडे सैन्य सोपवून तेच सैन्य एका दिवसात अधिक दूर नेण्याची युक्ती खेळाडूंनी याच नियमांतून शोधून काढली.

बदलांचा कालखंड

२००२ च्या चौथ्या भागात सेनानायक स्वतः रणांगणात उतरू लागले. पुढच्याच वर्षी प्रकाशक थ्रीडीओ ही कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि मालिकेचे हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्टने १३ लाख डॉलरना विकत घेतले. रशियातील निव्हल या कंपनीने २००६ मध्ये तयार केलेला पाचवा भाग त्रिमितीय होता. त्यात आशान हे नवे कथाविश्व आले, तरी खेळाची जुनी चौकट बव्हंशी कायम राहिली.

२०११ च्या सहाव्या भागात साधने सातवरून चारवर आली. खाणींचा ताबा त्या प्रदेशातील नगराशी किंवा किल्ल्याशी जोडण्यात आला. खेळाडूची दगदग वाचली. परंतु दुर्लक्षित खाण गमावण्याची धास्ती ओसरल्याने अनेक निर्णयांची धारही बोथट झाली. २०१५ च्या सातव्या भागात साधनांची संख्या पुन्हा सात करण्यात आली, हे या संदर्भात बोलके आहे.

जतनाचा प्रश्न

२०१५ मध्येच युबिसॉफ्टने तिसरा भाग सुधारित चित्रांसह पुन्हा प्रकाशित केला. तथापि, त्याच्या दोन विस्तारांची मूळ आज्ञावली उपलब्ध न झाल्याने ते विस्तार त्यात समाविष्ट होऊ शकले नाहीत. अवघ्या दीड दशकात एका लोकप्रिय कृतीचा मूळ आधार हरवला होता. याउलट, चाहत्यांनी मूळ आज्ञावली हाती नसतानाही २०११ पासून ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ हा विनामूल्य विस्तार विकसित केला आणि त्यातून जुन्या खेळात नवी नगरे आणली.

२०२४ मध्ये ‘ओल्डन एरा’ या नव्या भागाची घोषणा झाली. त्याचे कथानक आशान सोडून आरंभीच्या एनरॉथ या विश्वात परतते. जुन्या नियमांचे मोल आता निर्मात्यांनाही पटले असल्याचे त्यावरून दिसते. मात्र, ते नियम दरम्यानच्या काळात जिवंत ठेवण्याचे श्रेय प्रामुख्याने खेळाडूंकडेच जाते.