करारावर मत देताना कामगार काय मोजतो? बोइंगची गोष्ट

संप म्हटलं की मोर्चा, घोषणा, गेटसमोरची गर्दी आठवते. पण वाटाघाटी संपतात, कराराचा कागद समोर येतो आणि मत देताना प्रत्येक कामगार एकटाच असतो. तेव्हा तो नेमकं काय मोजतो? त्यासाठी आज जाऊया अमेरिकेत सिअ‍ॅटल परिसरात, बोइंगच्या कारखान्यांत.

आधी नियम समजून घ्या. इथल्या मशिनिस्ट युनियनचे सभासद दोन मतं देतात: करार हवा का, आणि नको असेल तर संप करायचा का. करार नाकारायला साधं बहुमत पुरतं, संपाला मात्र दोन तृतीयांश मतं लागतात. तेवढी पडली नाहीत तर नाकारलेलाच करार लागू होतो! 2002 मध्ये अगदी हेच झालं. म्हणजे नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही.

आता नोव्हेंबर 2013. कंपनी म्हणाली, नवं 777एक्स विमान इथेच बनवू, पण जुनी पेन्शन गोठवू. 67 टक्के सभासद 'नाही' म्हणाले. कंपनीने लगेच इतर राज्यांकडून प्रस्ताव मागवले आणि 22 राज्यं पुढे आली. स्थानिक नेत्यांचा विरोध असूनही युनियनच्या राष्ट्रीय नेतृत्वाने पुन्हा मतदान लावलं. 3 जानेवारी 2014 रोजी 51 टक्के 'हो' म्हणाले. कागद थोडाफारच बदलला होता, पण आता काम दुसऱ्या राज्यात जाण्याची भीती खरी वाटत होती. पेन्शन गेली, आणि करार 2024 पर्यंत वाढल्यामुळे तोवर संपाचं हत्यारही हातात राहिलं नाही.

सप्टेंबर 2024. सुमारे 33,000 सभासद. चार वर्षांत 25 टक्के पगारवाढ, आणि या वेळी स्थानिक नेतेच म्हणाले, स्वीकारा. तरी 94.6 टक्क्यांनी करार नाकारला, 96 टक्क्यांनी संपाला कौल दिला. दहा वर्षांत घरभाडं वाढलं होतं, पगार फारसा नाही, वर वार्षिक बोनसही जाणार होता. आणि पेन्शन कोणी विसरलं नव्हतं. शिवाय आता अडचणीत होती ती कंपनी!

मग आली 35 टक्क्यांची ऑफर. 23 ऑक्टोबरला 64 टक्के पुन्हा 'नाही'.

पण एव्हाना घरचा हिशेबही बिघडत होता. पगार बंद, कंपनीचा आरोग्यविमा सप्टेंबरअखेर संपलेला, युनियनकडून आठवड्याला 250 डॉलर. तिसरी ऑफर 38 टक्के आणि 12,000 डॉलर बोनस. नेते म्हणाले, यापुढची ऑफर याहून कमी असू शकते. 4 नोव्हेंबरला 59 टक्के 'हो'. पेन्शन परत मिळालीच नाही.

बघा, मत फक्त कागदावर नसतं. 'नाही म्हटलं तर पुढे काय होईल आणि ते मला किती दिवस झेपेल' या अंदाजावर ते असतं. नाकारणारे 41 टक्के हट्टी नव्हते आणि स्वीकारणारे 59 टक्के घाबरट नव्हते. कागद एकच, घरचे हिशेब वेगळे.

तुम्ही असता तर तिसऱ्यांदा काय म्हणाला असता? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!