मूळव्याधीची शस्त्रक्रिया : कापण्यापासून राखण्यापर्यंत

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण ज्याने रचली, त्याच्या डोळ्यांपुढे मूळव्याधच असली पाहिजे. सांगवत नाही, दाखववत नाही आणि सोसवतही नाही! तिच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : वैद्य नीट पाहू लागला, तसतसे त्याला कमी कापावे लागले.

आरंभ आपल्याकडचाच घेऊ. सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. पण त्याहून मौजेचे आहे ते तिथले यंत्र. आकार गाईच्या सडासारखा, लांबी चार अंगुळे. लोखंडाचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे, काम करण्यासाठी एकाच छिद्राचे. का? तर एकच वाट असली म्हणजे शस्त्र, क्षार वा अग्नी भलतीकडे जात नाही! क्षार लावून शंभर अक्षरे उच्चारण्याइतकाच वेळ थांबायचे, मोड पिकल्या जांभळासारखा दिसू लागला की पुरे. आणि एका वेळी एकच मोड. पुढचा सात दिवसांनी. आज रक्त पडले की न पाहताच मूळव्याध ठरवून चूर्ण घेत बसणारे लोक आहेत. मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच रक्ताने प्रकट होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगावे?

लंडनमध्ये फ्रेडरिक सामन यांनी 1835 मध्ये याच अवघड जागेच्या रोगांसाठी सात खाटांचा दवाखाना काढला. तेच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय झाले. तिथल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत जगभर गेली. मोड कापून काढायचे आणि जखमा उघड्याच ठेवून भरू द्यायच्या. गुण उत्तम, पण त्यानंतरचे पहिले शौच रोगी जन्मभर विसरत नसे.

1963 मध्ये डेट्रॉइटच्या बॅरन यांनी मोडाच्या मुळाशी चक्क रबराचे कडे चढवण्याची रीत रूढ केली. रक्त थांबते, मोड सुकून काही दिवसांत गळून पडतो. कडे आतल्या अस्तरावर बसते. तिथे कातडीसारखी वेदना नसते, म्हणून भूलही लागत नाही.

मग 1975 मध्ये थॉमसन यांनी दाखवून दिले की या रक्तवाहिन्यांच्या गाद्या निरोगी माणसालाही असतात. गुदद्वार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. त्या खाली घसरल्या की रोग. म्हणजे आपण इतकी वर्षे कामाचीच वस्तू कापून टाकत होतो म्हणायचे! यानंतर त्या जागच्या जागी वर बसवण्याचा विचार बळावला. 1995 मध्ये जपानच्या मोरिनागा यांनी रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकून नेमकी धमनी शोधायची आणि तेवढीच बांधायची, अशी युक्ती काढली. इटलीच्या लोंगो यांनी 1998 मध्ये वरच्या अस्तराचा एक पट्टा यंत्राने काढून, टाचण्या मारून मोड वर ओढून धरले.

यात दुखणे कमी, माणूस कामावरही लवकर जातो. मात्र पुन्हा उद्भवण्याची शक्यता जुन्या पद्धतीपेक्षा अधिक राहते. म्हणून फार मोठ्या मोडांसाठी 1937 ची ती शस्त्रक्रिया आजही करतात.