पारदर्शक ओरॅकल कार्ड म्हणजे काय? त्यातलं भविष्य 'आपलंच' का वाटतं?

इन्स्टाग्रामवर रील बघताना मध्येच एक हात दिसतो. काचेसारखी आरपार दिसणारी तीन कार्डं तो एकमेकांवर ठेवतो. एका कार्डावर पक्षी, दुसऱ्यावर दार, तिसऱ्यावर चंद्र. तिन्ही मिळून एकच चित्र तयार होतं आणि आवाज येतो, 'हा व्हिडीओ तुमच्यासमोर आलाय, म्हणजे मेसेज तुमच्यासाठीच आहे.' खाली कमेंट्स असतात, 'अगदी माझंच सांगितलं!'

ही कार्डं नेमकी काय आहेत? त्यातून भविष्य कळतं का? पैसे घेऊन असं रीडिंग करणं कायद्यात बसतं का? एकेक प्रश्न पाहूया.

टॅरो आणि ओरॅकल यांत फरक काय?

टॅरोचा संच ठरलेला असतो. त्यात ७८ पत्ते असतात, २२ मुख्य आणि ५६ दुय्यम. हे पत्ते १५व्या शतकात उत्तर इटलीत जन्मले, तेही खेळण्यासाठी. त्यांचा वापर भविष्य सांगायला करण्याची पद्धत १८व्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. आज आपण ज्या चित्रांना 'टॅरो' म्हणून ओळखतो, त्यातली बरीचशी १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचावरून आली आहेत. ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली होती.

ओरॅकल कार्डांना असा कोणताही नियम नाही. संचात किती कार्डं असावीत, त्यांवर काय चित्र असावं आणि त्याचा अर्थ काय, हे सगळं संच बनवणारी व्यक्ती ठरवते.

मग 'पारदर्शक' कार्डांत वेगळं काय?

ही कार्डं आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकवर छापतात. ब्रिटिश चित्रकार एमिली कार्डिंग यांचा पारदर्शक टॅरो संच २००८ मध्ये आला आणि त्यानंतर त्यांनी याच पद्धतीचा ओरॅकल संचही काढला.

साध्या पत्त्यांत तीन पत्ते शेजारी शेजारी मांडून एकेकाचा अर्थ सांगतात. पारदर्शक कार्डं एकावर एक ठेवतात. प्रत्येक कार्डाचं चित्र मुद्दाम वेगळ्या जागी काढलेलं असतं, म्हणजे ती एकमेकांवर आली की एकच दृश्य दिसतं. खाली पांढरा कपडा किंवा कागद असला की रंग नीट दिसतात. कार्ड उलटं केलं, फिरवलं किंवा क्रम बदलला की चित्रही बदलतं.

यात एक साधं गणित आहे. ७८ कार्डांतून कोणतीही तीन उचलायची, तर ७६,०७६ वेगवेगळे गट होतात. त्यात उलट-सुलट आणि फिरवण्याची मुभा धरली तर हा आकडा लाखांत जातो. इतक्या चित्रांचे अर्थ कुठल्याही पुस्तकात छापलेले नसतात. म्हणजे अर्थ कार्डावर लिहिलेला नाही, बघणारा तो त्या क्षणी जुळवतो.

तरीही ते 'आपलंच' का वाटतं?

याची तीन कारणं सांगता येतात.

पहिलं, आपल्या मेंदूला आकार शोधायची सवय आहे. ढगात हत्ती दिसतो, भिंतीवरच्या ओलीत चेहरा दिसतो. एकमेकांवर आलेल्या रेषा आणि रंग हे तर त्याला आयतंच खाद्य.

दुसरं, वाक्यं मोघम असतात. 'तुम्ही खूप दिलंत, पण तुमची किंमत कुणी केली नाही', हे कुणाला आपलं वाटणार नाही? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता.

तिसरं, समोरासमोर किंवा कॉलवर बसलं की आपणच माहिती देत असतो. 'घरातल्या कुणाची काळजी आहे का?' या प्रश्नावर आपला चेहरा पडला की पुढचं वाक्य आपोआप ठरतं. रीलमध्ये हे काम अल्गोरिदम करतो. तुम्ही ब्रेकअपचे व्हिडीओ पाहत असाल, तर ब्रेकअपचं 'रीडिंग' तुमच्यापर्यंत येणारच.

हे कुणी तपासून पाहिलंय का?

कार्डांची नव्हे, पण कुंडलीची चाचणी पुण्यातच झाली आहे. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसोबत २०० मुलांच्या जन्माचे तपशील गोळा केले. त्यातली १०० मुलं हुशार होती आणि १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि त्यांची सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी साधारण ५० टक्के आलं असतं.

या चाचणीत उत्तर चूक की बरोबर हे ठरवता येत होतं. 'लवकरच नवं दार उघडेल' हे कसं तपासणार? 'लवकरच' म्हणजे कधी आणि 'दार' म्हणजे काय, हे ठरलेलंच नसतं.

मंडईला ज्यांचं नाव आहे, त्यांनी काय लिहिलं होतं?

पुण्याची मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात एक जोशी एका गरोदर कुणबी बाईच्या घरी येतो आणि ग्रहांमुळे पोटातल्या बाळाला धोका असल्याची भीती घालतो. मग उपाय म्हणून त्या गरीब जोडप्याला खर्चात पाडतो. शेवटी नवरा-बायको शिकायचं ठरवतात.

आज साधन बदललं आहे. पंचांगाच्या जागी प्लास्टिकचं कार्ड आलं, दक्षिणेच्या जागी क्यूआर कोड. पण फुल्यांनी दाखवलेला क्रम आजही ओळखता येतो: आधी भीती, मग उपाय, मग पैसे.

कायदा काय म्हणतो?

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्यात १२ प्रकारची कृत्यं गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये.

ज्योतिषांनी दिलेला सल्ला या कायद्यातून वगळलेला आहे. त्यामुळे नुसतं भविष्य सांगितलं म्हणून या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पण चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं किंवा लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. खोटं सांगून पैसे काढले, तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ सुद्धा लागू शकतं.

रीडिंग करून घ्यायचंच असेल तर?

मैत्रिणींनी गंमत म्हणून कार्डं मांडली, चित्रं बघून मनातलं बोलून टाकलं, तर त्यात काही बिघडत नाही. अनेकांना बोलायला निमित्तच हवं असतं. पण पुढच्या खुणा दिसल्या की तिथेच थांबा.

- 'तुमच्यावर कुणीतरी काहीतरी केलंय' असं सांगून उपायाचे वेगळे पैसे मागितले.
- औषध बंद करा, ऑपरेशन पुढे ढकला, असा सल्ला दिला.
- 'घरी सांगू नका' असं बजावलं.
- प्रत्येक रीडिंगनंतर पुढच्या रीडिंगची गरज निर्माण केली.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त. आणि रात्री दोन वाजता कार्डांच्या रील बघण्यामागचं खरं कारण मनावरचा ताण असेल, तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर २४ तास आणि मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.