'ब्रह्मचारी'तील किशोरी आणि सेन्सॉरची कात्री

मोहर्लीला एका संध्याकाळी आम्ही काही कुटुंबे मिळून मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' पाहत बसलो होतो. पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकर पडद्यावर येताच एका आजीबाईंनी पदर तोंडाशी नेला. नजर मात्र हलवली नाही. "१९३८ साली हे सेन्सॉरने चालू दिले?" मुलांनी विचारले.

सेन्सॉर होते. मुंबईचे मंडळ १९२० मध्येच स्थापन झाले होते. पण परकीय सरकारला धास्ती होती ती देशभक्तीची. 'प्रभात'ने संत एकनाथांवरील चित्रपटाला दिलेले 'महात्मा' हे नाव गांधीजींची आठवण करून देई, म्हणून १९३५ मध्ये तो 'धर्मात्मा' होऊन आला. किशोरीच्या पोहण्याने साम्राज्य थोडेच बुडणार होते! आचार्य अत्रे यांच्या कथेतील ही तरुणी ब्रह्मचर्याचा संकल्प सोडलेल्या औदुंबराला स्वतः पुढाकार घेऊन जिंकते. खळबळ उडाली ती समाजात.

त्याच वर्षी अमेरिकेत 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. तिथेही एका भिडस्त विद्वानाच्या मागे लागलेली धिटाईची नायिका आहे. (त्यात पाळीव बिबट्याही आहे, मोहर्लीकरांना त्याचे अप्रूप नसावे.) परंतु तिच्यावर जी आचारसंहिता होती, तिच्याशी आपला, कॅथलिकांचा, जवळचा संबंध आहे. १९३० ची ती संहिता येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड आणि प्रापंचिक मार्टिन क्विग्ली यांनी सिद्ध केली. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाने ती कठोरपणे राबवली. पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या 'विजिलांती कुरा' या विश्वपत्रात अमेरिकेतील या चळवळीची प्रशंसा केली. विवाहाचे पावित्र्य राखावे, कामुक चुंबने टाळावीत, असा तिचा दंडक.

हेतू चांगला होता, असेच आम्ही मानतो. फळ मात्र दुहेरी मिळाले. शरीराला मज्जाव झाल्यावर लेखकांनी सारे आकर्षण संवादात ओतले आणि नायिका बोलण्यात नायकाच्या तोडीस तोड झाली. 'हिज गर्ल फ्रायडे'मधील (१९४०) वार्ताहर हिल्डी कामातही त्याच्या बरोबरीची आहे. तरीही शेवटी तिला पूर्वीच्या पतीकडेच परतावे लागते. तिच्या बुद्धीला मोकळीक मिळाली, निवडीला मिळाली नाही. आपण मंडळींनी हे प्रांजळपणे मान्य करावे.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर, १९५२ च्या कायद्याच्या अमलात, पडद्यावरचे चुंबन जवळजवळ नाहीसे झाले. १९६९ मध्ये खोसला समितीने त्यावर सरसकट बंदी नसावी असे सुचवले, आणि वाद पेटला तो चुंबनाचाच. किशोरीसारखी स्वतः पुढे होणारी नायिका विरळ झाली होती, तिच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.