ग्रुनफेल्डच्या नावातलं ‘इंडिश’

तुमच्या घरात शनिवारी सकाळी बुद्धिबळाच्या वर्गाला जाणारं मूल असेल, तर ‘ग्रुनफेल्ड’ हा शब्द एव्हाना तुमच्या कानावर आला असेल. मूल जरा पुढच्या वर्गात गेलं की शिक्षक काळ्या मोहऱ्यांसाठी हा बचाव शिकवतात. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड हे व्हिएन्नाचे. जन्म १८९३, मृत्यू १९६२. म्हणजे नाव ऑस्ट्रियाचं, यात वाद नाही. पण जर्मन पुस्तक उघडलंत, तर त्यात या बचावाचं नाव ‘ग्रुनफेल्ड-इंडिश’ असं छापलेलं सापडेल. इंडिश म्हणजे भारतीय. हे शेपूट कुठून आलं, ते सांगायचं आहे. त्यासाठी आधी पट मांडावा लागेल.

पांढऱ्याचं डी-प्यादं दोन घरं पुढे. काळ्याचा घोडा एफ६ वर. पांढऱ्याचं सी-प्यादं दोन घरं, काळ्याचं जी-प्यादं एक घर. पांढऱ्याचा घोडा सी३ वर. आणि आता काळा डी-प्यादं एकदम डी५ वर ढकलतो. पांढरा ते सी-प्याद्याने मारतो, काळा घोड्याने परत मारतो, पांढरा ई४ करून त्या घोड्याला हुसकावतो. घोडा पळत नाही. तो सी३ वरचा घोडा मारतो, आणि पांढरा बी-प्याद्याने त्याला घेतो. एकूण सहा चाली झाल्या. आता पटाकडे बघा: सी३, डी४, ई४ अशी पांढऱ्याची तीन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि मध्यभागात काळ्याचं काहीही नाही. यालाच ‘एक्स्चेंज व्हेरिएशन’ म्हणतात.

बुद्धिबळाचं कुठलंही पहिलं पुस्तक ‘मध्य ताब्यात घ्या’ असं सांगतं. इथे काळ्याने तो ताटात वाढून दिला आहे. का? कारण त्याचा हिशेब निराळा आहे. पांढऱ्याला मिळालेली ही तीन प्यादी आता सांभाळावीही लागणार आहेत. काळा पुढच्या चालीला उंट जी७ वर ठेवतो, मग सी-प्यादं सी५ वर, घोडा सी६ वर, जमलं तर दुसरा उंट जी४ वर. मोजून बघा, हे सगळे मोहरे एकाच प्याद्याच्या मागे लागले आहेत, डी४ वरच्या. जी४ वरचा उंट त्याला थेट मारत नाही, पण त्याची राखण करणाऱ्या एफ३ वरच्या घोड्याला खिळवून ठेवतो.

म्हणून पांढऱ्याकडून खेळताना जुन्या पद्धतीत घोडा एफ३ वर नेत नाहीत. आधी उंट सी४ वर आणि घोडा ई२ वर. तिथे जी४ च्या उंटाने त्याला बांधलं, तरी एफ-प्यादं एक घर पुढे करून उंटाला हाकलता येतं. पांढऱ्याला मोहरे पटावर ठेवायचे असतात, कारण त्याचा मध्य म्हणजे राजावर चाल करून जाण्याची शिडी आहे. डी-प्यादं डी५ वर रेटायचं, काळ्याचे मोहरे आखडायचे, मग काळ्या राजाकडे वळायचं. काळ्याला नेमकं उलट हवं असतं, मोहऱ्यांची मारामारी. सी५ वरच्या प्याद्याने डी४ वर मारून पांढऱ्याने सी-प्याद्याने परत घेतलं, की काळ्याकडे वजिराच्या बाजूला ए आणि बी अशी दोन प्यादी उरतात, पांढऱ्याकडे तिथे एकटं ए. वजीर आणि हत्ती पटावरून गेले, की ती दोन प्यादी बोलायला लागतात. तुमचं मूल काळ्याकडून हा बचाव खेळत असेल, तर त्याला एवढंच विचारा: ‘डी४ वर आत्ता तुझे किती मोहरे रोखलेले आहेत?’ उत्तर ‘एक’ असेल, तर वेळ वाया चालला आहे. एकदा का पांढरा किल्लेकोट करून निवांत झाला, की तोच मध्य काळ्याच्या छातीवर बसतो.

आता १८५५ चं कोलकाता. जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करत. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काही काळ लंडनला परतले होते, तेव्हा त्या काळचा सर्वांत बलवान मानला जाणारा स्टाँटन त्यांच्याशी शेकडो डाव खेळला होता. कोलकात्यात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. मग क्लबाच्या एका सदस्याला शहराबाहेर, मुफस्सलात, एक ब्राह्मण सापडला. तो कधी हरत नाही, अशी त्या भागात त्याची ख्याती होती. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. युरोपीय नियमांशी त्याची तेव्हा फारशी ओळख नव्हती. पण थोड्याच काळात कॉक्रनसमोर बरोबरीने बसून काही आशा धरू शकेल असा कोलकात्यातला तो एकच खेळाडू आहे, असं १८५० मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’मध्ये छापून आलं.

कॉक्रनचे कोलकात्यातले शेकडो डाव आज उपलब्ध आहेत आणि त्यांतले पुष्कळ महेशचंद्रांशी झालेले आहेत. काळ्याकडून महेशचंद्र वारंवार जे करत, ते त्या काळच्या लंडनला गावंढळ वाटावं असं होतं: डी-प्यादं एक घर, जी-प्यादं एक घर, उंट जी७ वर, घोडा एफ६ वर, किल्लेकोट. आजच्या भाषेत किंग्ज इंडियन. ‘इंडियन डिफेन्स’ हा शब्दप्रयोग १८८४ पर्यंत इंग्रजीत छापला गेला होता आणि तो या महेशचंद्रांच्या डावांकडेच बोट दाखवतो. १९२० च्या दशकात मध्य दुरून दाबण्याची नवी विचारसरणी आली आणि मग किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन अशी अख्खी भावकीच तयार झाली. ग्रुनफेल्डच्या मागचं ‘इंडिश’ हे त्या भावकीचं आडनाव.

एवढ्यावर गोष्ट थांबवतात बरेच जण, आणि त्याचं स्पष्टीकरणही ठरलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं बहुतेक ठिकाणी पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे, किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मिळे. तुमच्या आजोबांनी कदाचित असाच खेळ शिकवला असेल, आणि मग परदेशातल्या पहिल्या क्लबात तुम्ही गोंधळला असाल. या पद्धतीत दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते, म्हणून खेळाडू आपापल्या बाजूला शांतपणे मांडणी करत बसतो. महेशचंद्रांचं डी६-जी६ ही त्या सवयीचीच खूण, असं सांगतात. ते खरंही असावं. दोन पद्धतींमधला हा सांधा तेव्हा अनेकांना जुळवावा लागत होता. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृतातल्या डावपेचांचा तो अनुवाद, आणि तो युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला आहे असं शीर्षकातच सांगितलेलं.

पण १८५५ चा एक डाव या स्पष्टीकरणात मावत नाही. कॉक्रन पांढऱ्याकडून. डी४, घोडा एफ६. सी४, जी६. घोडा सी३, आणि महेशचंद्र डी५! वर मांडलेला पट तो हाच. चौथ्या चालीला कॉक्रनने ई-प्यादं एकच घर पुढे केलं, त्यामुळे मध्य जरा बेताचा राहिला, पण सहाव्या चालीला डी५ वर मारामारी झाली, सातव्या चालीला काळ्या घोड्याने सी३ वरचा घोडा मारला, पांढऱ्याने बी-प्याद्याने घेतला, आणि आठव्या चालीला काळं प्यादं सी५ वर. मग सी६ वर घोडा. मग जी४ वर उंट. डी४ वरचा तो सगळा मोर्चा, ग्रुनफेल्डच्या ६७ वर्षं आधी.

एकेक घर सरकण्याच्या सवयीने जी६ समजतं, डी५ समजत नाही. तिसऱ्याच चालीला दोन घरं उडी मारून अंगावर जाणं आणि मग समोरच्याला मध्य देऊन तो पोखरत बसणं ही सवय नव्हे, तो विचार आहे. नव्या नियमांनी प्याद्याला दिलेली दुप्पट उडी घेऊन, ती आपल्या जुन्या उंटाच्या जोडीला लावणारा विचार. ‘भारतीय पद्धतीच्या वळणामुळे’ असं म्हणून आपण महेशचंद्रांचं कौतुक करतो खरं, पण त्यात त्यांच्या वाट्याला फक्त वळण येतं, डोकं येत नाही. मला हे खटकतं. याउलट टोकाला जाऊन ‘ग्रुनफेल्डने हे आपल्याकडून चोरलं’ असंही मी म्हणणार नाही. शोध लागणं आणि त्या शोधाचं शास्त्र होणं यांत फरक असतो, आणि शास्त्र व्हिएन्नात झालं.

शिवाय तो डाव महेशचंद्र हरले. चौदाव्या चालीला त्यांनी एफ८ वरचा हत्ती ई८ वर नेला, आणि एफ७ च्या प्याद्याला राखायला एकटा राजा उरला. कॉक्रनचा वजीर बी३ वरून नेमका तिथेच बघत होता. पुढे कॉक्रनच्या हत्तीने काळ्या वजिराला दोनदा पळवलं, तो डी८ वर जाऊन बसला. घोडा जी५, घोडा एफ७, दुहेरी शह, वजिराचं बलिदान, आणि कोपऱ्यात आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मात. एकविसाव्या चालीत खेळ खलास. डाव टिपून ठेवावासा वाटला तो बहुधा या शेवटासाठी. सुरुवात त्याच्या पाठीवर बसून आपल्यापर्यंत आली. महेशचंद्रांच्या स्वतःच्या हातची एक ओळ आपल्याजवळ नाही. जे आहे ते क्लबाच्या वहीतून आणि साहेबांच्या पत्रांतून.

ग्रुनफेल्डची गोष्टही काही सुखवस्तू घरातली नाही. लहानपणीच एक पाय गेला, घरात गरिबी. सुरुवातीच्या चालींचा मात्र प्रचंड साठा त्यांनी जमवला. १९२२ मध्ये व्हिएन्नात पाच वर्षांनी जगज्जेता होणारा अलेखिन त्यांच्यासमोर पांढऱ्याकडून बसला, ऐटीत मध्य बांधला, आणि ग्रुनफेल्डनी दोन्हीकडचे काही मोहरे उतरवून सी-पट्टीवर हत्ती आणून बसवला. अलेखिन हरला. लोकांना पटायला तो एक डाव पुरे झाला.

त्यानंतरचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे एकाच भांडणाचे तारखांवर तारखा पडलेले खटले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्शल क्लबात १३ वर्षांच्या फिशरने डोनाल्ड बर्नचा मध्य, बर्नचा राजा अजून किल्लेकोटाविना उभा असताना, वजीर देऊन फोडला. ती ग्रुनफेल्डची दुसरी शाखा, तत्त्व तेच. पण एक्स्चेंजमध्ये त्याच फिशरला स्पास्कीने दोनदा हरवलं, १९६६ मध्ये सांता मोनिकाला आणि १९७० मध्ये सिगेनला. १९७२ च्या रेक्याविकच्या सामन्यात फिशरने ग्रुनफेल्ड एकदाही खेळला नाही. १९८० च्या दशकात पांढऱ्याला कळलं की घोडा एफ३ वर नेला तरी चालतं, फक्त हत्ती वेळेवर ए१ वरून बी१ वर सरकवायचा, म्हणजे तो जी७ वरच्या उंटाच्या तोंडातून निघतो आणि बी७ वर दाब देतो. १९८७ मध्ये सेव्हिलला कार्पोव्हने निराळाच हट्ट धरला: उंटाने एफ७ मारून एक प्यादं कमवायचं, बदल्यात आपली प्यादी जी-पट्टीवर एकामागे एक अडकली तरी चालतील. ते त्याने कास्पारोव्हवर पुन्हापुन्हा वापरलं. त्यातून एक डाव तो जिंकला, एक हरला. सामना १२-१२ सुटला.

आणि २०१० ची सोफिया. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली होती, आणि विश्वनाथन आनंद फ्रँकफर्टहून गाडीने रस्त्यामार्गे सामन्याला पोहोचला. सामना एकच दिवस पुढे ढकलला गेला. पहिल्याच डावात आनंदने टोपालोव्हसमोर ग्रुनफेल्ड मांडला, एक्स्चेंज, पांढऱ्याचा घोडा ई२ वर, जुनी वाट. तेविसाव्या चालीला त्याने राजा एफ७ वर नेला. टोपालोव्हने लगेच एफ६ वर घोडा दिला, आणि तिसाव्या चालीला आनंदने डाव सोडला. इतका मार खाल्ल्यावर माणूस तो बचाव कपाटात ठेवतो. दहाव्या डावात, गुण समसमान असताना, आनंदने पुन्हा तोच काढला आणि बरोबरी केली. शेवटी सामना साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला.

येत्या शनिवारी वर्गाहून आल्यावर मुलासोबत १८५५ चा तो डाव मांडा. तेरा चाली महेशचंद्रांच्याच ठेवा. चौदाव्या चालीला हत्ती एफ८ वरच राहू द्या, आणि काळ्याकडून पुढचं तुम्ही दोघांनी खेळून बघा.