सावर्ड्याहून उक्षीचा हत्ती पाहायला

मंडळी, शाळेची सहल म्हटली की आपल्याकडची गाडी ठरलेल्या वाटेने धावते. गणपतीपुळे, रत्नदुर्ग, मार्लेश्वर. सावर्ड्याच्या मुलांना तर डेरवणची शिवसृष्टी अगदी शेजारची. ही ठिकाणे चांगलीच आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण आज मी तुम्हांला जे ठिकाण सुचवणार आहे तिथे ना कळस आहे, ना तट, ना बुरूज. तिथे पोचल्यावर मान वर करायची नाही, खाली पाहायचे. मी बोलतो आहे ते उक्षीच्या कातळावर कोरलेल्या हत्तीविषयी.

उक्षी हे रत्नागिरी तालुक्यातले गाव. सावर्ड्याहून सकाळी निघून संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी, असा हा बेत आहे. सगळीकडे थांबत जाणाऱ्या रेल्वेगाडीने गेलात तर आरवली, कडवई, संगमेश्वर आणि मग उक्षी. गाडीची वेळ सोयीची नसेल तर महामार्गाने एसटी आहेच. आणि एसटीने गेलात तर वाटेत कसबा संगमेश्वरला अर्धा तास जरूर उतरा. संभाजीमहाराजांना १६८९ साली पकडले गेले ते याच संगमेश्वरात, हे मुलांना पाठ असते. पण तिथले कर्णेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ, त्याचे कोरीव खांब आणि छत त्यांनी सहसा पाहिलेले नसते. ते आधी पाहून घ्या. दगड कोरण्यात माणूस किती पटाईत झाला होता ते तिथे दिसते. मग उक्षीला जा, म्हणजे हे कोरणे सुरू कुठून झाले असेल असा प्रश्न मुलांच्या मनात आपोआप उभा राहील.

आता कातळाविषयी थोडे. आपण ज्याला सडा म्हणतो, ती डोंगराच्या माथ्यावरची उघडी, सपाट, काळपट लाल जमीन म्हणजे जांभा दगड. काळ्या अग्निजन्य खडकावर लाखो वर्षे ऊन-पावसाचा मारा झाला, पाण्याबरोबर बाकीची द्रव्ये वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांचे अंश मागे राहिले. त्यातून हा जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज अमदानीतल्या डॉक्टराने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ‘लॅटर’ म्हणजे लॅटिन भाषेत वीट. नाव चपखल आहे. आपल्या गवंड्याला ते पुस्तक न वाचताच ठाऊक असते की चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो. ‘चिरेबंदी वाडा’ म्हणतो तो याच दगडाचा.

या सड्यावर पीक नाही. पावसाळ्यात रानफुलांचा गालिचा, मग गवत, आणि फाल्गुन-चैत्रात पाय भाजावेत असा तापलेला कातळ. गुरे चारणारा सोडला तर तिकडे फिरकायचे कुणाला कारणच नाही. म्हणूनच ही चित्रे आपल्या डोळ्यांसमोर असून इतकी वर्षे पुस्तकात आली नाहीत. गावकऱ्यांना ती माहीत होती बरं का! कुणी म्हणत, पांडवांनी एका रात्रीत कोरली. कुणी एखाद्या आकृतीला देव मानून नारळ ठेवी. माहिती होती, पण तिची नोंद नव्हती. २०१२ च्या सुमारास रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि धनंजय मराठे यांनी ही चित्रे हुडकण्याचे काम हाती घेतले. त्यांची पद्धत साधी होती: गावोगाव जायचे, गुराख्यांना आणि जाणत्या माणसांना विचारायचे, आणि सडा पायाखाली घालायचा. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे आणि महाविद्यालयांतले अभ्यासकही पुढे यात आले. आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून हजारावर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. इतिहासाच्या एवढ्या मोठ्या शोधाला पहिली वाट गुराख्यांनी दाखवली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उक्षीला पहिल्यांदा जाणारा माणूस दगडाच्या पसाऱ्याकडे पाहतो आणि विचारतो, ‘कुठाय हत्ती?’ कारण डोळ्याला सवय नसते. कातळ न उचलता, न उठवता, नुसती बाहेरची रेघ खोदून आकृती काढलेली आहे. ऊन डोक्यावर असले की खोदलेली रेघ आणि न खोदलेला दगड एकच दिसतात. म्हणून सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे. तिरपे ऊन पडले की रेघेत सावली भरते आणि मग पाठ, पाय, सोंड असे एकेक करत सगळा हत्ती कातळातून वर येतो. मुले एकदम गलका करतात. तो गलका होऊ द्यावा.

उक्षीचा हत्ती हा एकटाच नव्हे. राजापूर तालुक्यात कशेळीला तर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा अवाढव्य हत्ती आहे, आणि त्या एका हत्तीच्या पोटात दुसरी कितीतरी चित्रे आहेत, जनावरांची, माशांची, पाखरांची. बारसूच्या सड्यावर दोन्ही बाजूंना दोन वाघ आणि मध्ये माणूस अशी आकृती आहे. देवाचे गोठणे येथे माणसाची आकृती आहे आणि तिच्यापाशी होकायंत्र धरले तर त्याची सुई भलतीकडे वळते. जांभ्यात लोह असते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि सुई फिरताना पाहणे वेगळे. विज्ञानाच्या मास्तरांनी हे लक्षात ठेवावे. इतर ठिकाणी वानर, रानडुक्कर, कासव, वागळी मासा, आणि काही जागी चक्क गेंडा!

गेंडा म्हटल्यावर आपण काळाच्या प्रश्नावर येतो. ही चित्रे किती जुनी? अभ्यासकांचा एक अंदाज असा की ती मध्याश्मयुगातली, म्हणजे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत. वर्तमानपत्रात हा आकडा ठळक छापून येतो आणि आपण तो फळ्यावर लिहून मोकळे होतो. माझी शिक्षक मित्रांना विनंती आहे की तो आकडा लिहिण्याआधी मुलांना विचारा, हे कळले कसे? लाकूड, कोळसा, हाड मिळाले तर त्याचे वय प्रयोगशाळेत काढता येते. दगडात खोदलेल्या रेघेत तसे काहीच नसते. मग अप्रत्यक्ष पुरावे घ्यावे लागतात. या चित्रांत नांगर नाही, बैलगाडी नाही, शेत नाही. शिकारीची जनावरे आणि मासे आहेत. त्यावरून म्हणतात की ही शेतीच्या आधीची माणसे. हा तर्क चांगला आहे, पण एकटा पुरेसा नाही. आपल्या घरच्या भिंतीवर मुलाने वाघ काढला आणि भाताची शेती काढली नाही, म्हणून आपल्या घरी भात पिकत नाही असे थोडेच ठरते?

तीच गोष्ट गेंड्याची. आज रानटी गेंडा पाहायचा तर आसामकडे किंवा उत्तर बंगालकडे जावे लागते. कोकणात तो होता म्हणजे हवामान निराळे होते, दलदल होती, उंच गवत होते, असा निष्कर्ष काढता येतो. याला आधारही आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी गुजरातेत लांघणज येथे केलेल्या उत्खननात मध्याश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याचे खांद्याचे हाड सापडले. पण सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा आहे, आणि त्या चार-साडेचार हजार वर्षांच्या. फार काय, बाबराने सोळाव्या शतकात पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तेव्हा नुसता गेंडा दिसला म्हणून दहा हजार वर्षे मोजता येत नाहीत. असे निरनिराळे धागे एकत्र वळले जातील तेव्हा कुठे दोरी होईल. ती वळण्याचे काम चालू आहे, आणि ते चालू असताना पाहायला मिळणे हे आपल्या पिढीचे भाग्य आहे.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाची चित्रे १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर यांना सापडली. ती खडकांच्या छताखाली आहेत, ऊन-पावसापासून पुष्कळशी झाकलेली. आपली चित्रे उघड्यावर आहेत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलत. तरी टिकली! पावसाने त्यांचे जेवढे नुकसान केले नाही तेवढे आता चार-दोन वर्षांत होऊ शकते, आणि आजचे माझे खरे सांगणे इथून सुरू होते.

सडा ही बहुतेक ठिकाणी कुणाची तरी खाजगी जमीन आहे. तिच्यावर पिकत काही नाही. चिरेखाण लावली तर चार पैसे हाती येतात. सुरुंग लावून खड्डे पाडले, त्यांत माती भरली, तर हापूसची कलमे लागतात. ज्याची जमीन आहे त्याला ‘तू चित्र जप आणि उपाशी राहा’ असे सांगायला आपण कोण? मालकाला नावे ठेवणे सोपे आहे. मला ते रास्त वाटत नाही. पण चिरे कापणारे यंत्र एकदा फिरले की चित्राचे भिंतीतले दगड होतात, आणि ते परत जुळवता येत नाहीत. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाले तेव्हा तिथल्या आंदोलनाबरोबर या चित्रांचे नावही देशभर पोचले. प्रकल्प हवा की नको हा निराळा आणि मोठा वाद आहे. तो मी इथे सोडवणार नाही. मात्र चित्र कुठे आहे याची नोंद आधी झालेली असेल तरच त्या वादात त्याचा विचार होऊ शकतो, एवढे खरे.

२०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले कुडोपी आणि एक गोव्यातले फणसामळ. उक्षीचे नाव त्या सातांत आहे. यादीत नाव गेले म्हणजे लगेच पहारेकरी येऊन उभा राहतो असे मात्र नाही. उक्षीला लोकांच्या सहभागातून चित्राभोवती जांभ्याचाच गोल गडगा घातला गेला आणि वरून पाहण्यासाठी जागा केली गेली. ज्या दगडाच्या चिऱ्यांसाठी दुसरीकडे सडे फुटतात, त्याच दगडाचा इथे राखणीला उपयोग केला. सहलीत मुलांना हत्तीइतकाच हा गडगाही दाखवा.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. पाणी आणि टोप्या बरोबर घ्या, सड्यावर सावली मिळत नाही. चित्रावर पाय देऊ नका. रेघेत खडू, चुना किंवा रंग भरू नका. फोटो छान येतो, पण पुढच्या अभ्यासकाला रेघेची मूळ धार सापडत नाही. शिक्षकांनी कागद, पेन्सिल, मोजपट्टी आणि सुतळी जवळ ठेवावी. उक्षीला चित्राच्या आत उतरू न देता गडग्यावरून प्रत्येक मुलाने हत्ती कागदावर काढावा, आणि सुतळीचे चौकोन आखून मापाचे चित्र कसे काढतात ते बाहेरच्या मोकळ्या जागेत शिकवावे. एक मीटरचा चौकोन, कागदावर त्याचा दोन सेंटिमीटरचा चौकोन. भूमिती आणि इतिहास एकाच तासात होतात.

हे मापाचे चित्र शिकून ठेवण्याचे कारण आहे. सावर्ड्याच्या आसपासही सडे आहेत. परत आल्यावर मुलांनी घरी आजोबांना विचारावे, ‘तुम्ही गुरं घेऊन जायचात तिकडे कातळावर कुठे रेघा दिसायच्या का? त्या जागेला काय म्हणायचे?’ उत्तर ‘नाही’ आले तर तेही वहीत लिहावे. ‘होय’ आले तर मास्तरांनी आधी जमीनमालकाच्या घरी जाऊन परवानगी मागावी, मग त्यालाच बरोबर घेऊन सड्यावर जावे, चित्र मापून घ्यावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक रत्नागिरीला पुरातत्त्व विभागाकडे पोचती करावी. वर गावाचे नाव, वाडीचे नाव, तारीख आणि ज्या आजोबांनी जागा दाखवली त्यांचे नाव घालायला विसरू नये.